जित्या माणसाच्या अंगावर पाणी

…तर सगळ्यात आधी कोन आलं म्हनाल, तर गाडीवाले आले. अजून सतरंजी बी टाकायची हुती. मी आन् आमच्या कांद्याच्या टोळीतली सुमन शाळेच्या वट्यावर झाडू मारत हुतो, आन् फाटकापाशी पांढरी गाडी यिऊन थांबली. ॲम्ब्युलन्स. माजा हात तसाच ऱ्हायला. म्हन्लं, आता कोन पडलं? तर पुढून डायवरभाऊ उतरला, मागून डाक्टरीनबाई उतरल्या. ड्यूटी संपवून तसेच आलेले, डोळे तांबडे. डायवरभाऊनं चपला काढल्या, आन् सतरंजीचं दुसरं टोक धरलं. तेवढ्यात आपले आप्पा काठी टेकत आले. त्यांनी गाडी बगितली आन् म्हनले, "आज बरी येळेवर आली."

डायवरभाऊ खाली मान घालून सतरंजीची सुरकुती काढत बसला.

मंडळी, रामराम. जय भीम. आयाबायांनो, पोरांनो, लांबून आलेल्या पाव्हण्यांनो, सकाळी सातला तुमी सगळे आलात. सातला सभा ठिवली तर एकजन मला म्हनला, "आजी, ही शोकसभा हाय का दूध घालायची येळ?" मी म्हन्लं, बाबा, नऊला हितं बसून दाखव. पूर्वी मानूस गेलं तर आमी दुपारी चारला लिंबाखाली बसायचो. आता चारला लिंबाखालची फरशी पायाला चटका देती.

मला ह्या माईकवर बोलायची सवय न्हाई. दुसरीतनं शाळा सुटली माजी. बोलायची सवय लई हाय, ते तुमाला ठावं हाय, पन ती बांधावर, कांद्याच्या वाफ्यात, हौसाच्या संगं. आज हौसा न्हाई आन् माईक हाय. मधीच हसले तर वाईट वाटून घिऊ नका. हौसाचं नाव घेतलं की मला हसूच येतं, आन् मागनं रडू.

दहाव्याला पुढारी बोलून गेले. एक म्हनले, हौसाबाईंच्या जान्यानं तालुक्याची हानी झाली. मी मनात म्हन्लं, हौसा ऐकत असती तर म्हनली असती, "आरं, तू मला कवा बगितलंस?" म्हनून आमी टोळीतल्या बायांनी ही आमची सभा ठिवली. हितं तिला बगितलेल्यांनीच बोलायचं.

हौसा आन् मी एका वर्साच्या सुना ह्या वाडीतल्या. तिचं घर वढ्याच्या अल्याड, माजं पल्याड. कांद्याच्या टोळीत आमी एकाच वाफ्याच्या दोन कडांना बसायचो. तिचं त्वांड तिच्या विळ्याच्या पुढं पळायचं. मला 'म्हातारे' म्हनायची. मी म्हनायचे, आगं, एका वर्साच्या आपन. तर म्हनायची, "तू म्हातारी हायेस, मी जुनी हाय."

आन् पदराला कांदा बांधायची. ऊन लागू नये म्हनून. मी म्हनायचे, "दिसभर कांद्यातच बसतीस, वर पदराला बी कांदा?" ती म्हनायची, "त्यो मालकाचा, ह्यो माजा. उनाला कळलं पायजे कुनाचा कोन ते."

हसा, हसा. ती तशीच हुती.

आपल्या सगळ्यांच्या आयांनी पदराला कांदा बांधला. मीबी बांधला. तवाचं ऊन कांद्याला भीत असंल. आताचं ऊन कुनालाच भीत न्हाई.

आता त्या दिवसाचं सांगते. लोकं उलटसुलट बोलत्यात. गाडी कुठं हुती, गाडी का आली न्हाई, गाडीवाल्यांना वाडीत पाय ठिवू देऊ नका. पोरं रस्ता अडवायच्या गोष्टी करत्यात. रामदास, हौसाचा लेक, तिकडं खांबाला टेकून बसलाय, त्यो त्या दिवसापास्नं कुनाशी बोलत न्हाई. म्हनून मला सांगायला पायजे. कारन गाडी कुठं हुती ते मला ठावं हाय. मी त्या गाडीत हुते.

चैत सरत आल्ता. रातच्याला बी गार व्हईना. आमचं घर पत्र्याचं, तुमी बगितलंय. पाटंपर्यंत पत्रा तापलेला. माजी धाकली सून रेश्मा, तिला दिवस भरायला अजून महिना हुता. लई राती पोरगी नुसती बसून काढायची. मी वल्लं लुगडं पंख्याला बांधायचे, तर लाईट जायची. त्या दिवशी सकाळी तिला कळा सुरू झाल्या. महिना आधी.

टोळी पाटं पाचला रानात गेल्ती. हौसा गेली न्हाई. ती माज्याकडं थांबली. "पोरीला एकटं टाकून कांदे काढू का काय?" म्हनली. फोन केला आन् ही गाडी आली. हीच. चहाला आधन यायच्या आत आली म्हना. हौसानं आन् मी रेश्माला धरून गाडीत चढवलं. पोरगी रडत हुती. हौसा तिला म्हनली, "रडू नको गं. आमच्या टायमाला बैलगाडी हुती, आन् आमचा म्हातारा जेवल्याबिगर ती जुपत न्हवता." पोरगी त्या कळांत बी हसली. मंग मला म्हनली, "ए म्हातारे, लुगडं नीट नेस. डाक्टरला वाटंल तूच पेशंट हायेस." आन् गाडीचं दार लावता लावता म्हनली, "मी जाते रानात. माजा वाफा ऱ्हायलाय. सांजच्याला टेम्पो येनार."

काम उक्तं घेतलेलं, रोजावर न्हाई, सगळ्या रानाचा मिळून एकच पैसा. तिचा वाफा ऱ्हायला तर टोळीचं काम आडलं असतं. सकाळचं गार तिचं माज्या दारात गेलं. आन् ती तापलेल्या रानात जाऊन बसली.

आमी तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो. तितं म्हनले, लेकरू लहान हाय, नगरला न्यावं लागंल. नगरचं नाव बदललंय, मला ठावं हाय, पन आमच्या तोंडात नगरच बसलंय. परत त्याच गाडीत घातलं. आत गार हुतं. इतकं गार की मला वाटलं रेश्मा आता झोपंल. आन् तवा डायवरभाऊचा फोन वाजाया लागला.

पयला फोन. कुठल्या तरी बाजारतळावर म्हातारा पडला हुता. डायवरभाऊ म्हनला, गाडीत पेशंट हाय, नगरच्या वाटंवर हाय. परत वाजला. वीटभट्टीवरची बाई. परत त्येच सांगितलं. परत वाजला. मी इचारलं, "काय रं बाबा, कुठं मोठा अपघात झाला काय?"

त्यो म्हनला, "न्हाई आजी. ऊन हाय."

एवढंच म्हनला. ऊन हाय.

मंग परत वाजला. आन् त्या फोनमधून आपल्या वाडीचं नाव आलं.

मंडळी, आपल्या वाडीचं नाव मी जत्रेच्या भोंग्यावर ऐकलंय, मतदानाला ऐकलंय, एस्टीच्या पाटीवर पोरांनी वाचून दाखवलंय. असं कवा ऐकलं न्हवतं. मी म्हन्लं, कोन हाय? कोन पडलंय? त्यो म्हनला, बाई हाय म्हनं, कांद्याच्या रानात. आन् मी एकेकीचं त्वांड आटवाया लागले. सुमनचं आटवलं. सुमनच्या सासूचं आटवलं. टोळीतल्या सगळ्यांचं आटवलं. हौसाचं आटवलं न्हाई. हौसा पडंल असं माज्या मनातच आलं न्हाई.

डायवरभाऊनं आरशातनं माज्याकडं बगितलं. मी त्याच्याकडं बगितलं. रेश्मानं माजा हात दाबून धरलेला. पुढं नगर, मागं वाडी. गाडी पुढंच गेली. ती पुढंच जायला पायजे हुती. दुसरी गाडी? ती बी गेल्ती कुनाला तरी घिऊन. उनाच्याच पेशंटला.

तर, गाडी कुठं हुती इचारनाऱ्यांनो, गाडीत माजी सून हुती. सुनेच्या पोटात माजी नात हुती. ज्याला गाडी अडवायची असंल, त्यानं आधी मला अडवावं. मी हितंच हाय.

आता रानातलं. हे मला सुमननं सांगितलं, तिच्यासमोरच सांगते. चुकलं तर सुमे, मला थांबव.

दुपारी हौसा वाकडंतिकडं बोलाया लागली. सुमनला तिच्या, म्हंजी हौसाच्या, मेलेल्या भैनीच्या नावानं हाक मारली. बायांना वाटलं, चेष्टा करती. हौसानं आयुष्यभर चेष्टाच केली, मंग कुनाला खरं वाटनार? मंग सुमननं हात धरून बगितला. घाम न्हाई. अंग कोरडं ठक्क, तव्यावानी तापलेलं. आन् हुडहुडी भरलेली. बाया म्हनल्या, ताप आलाय. पत्र्याच्या शेडात निजवली आन् वर गोधडी घातली. घाम सुटला की ताप उतरतो, हे आपल्याला लहानपनापास्नं ठावं. पदराचा कांदा सोडला, फोडला आन् नाकाला लावला.

सुमननं फोन लावला. पलीकडच्या मानसानं सांगितलं, गाडी लांब हाय, पन तवर हे करा. गोधडी काढा. सावलीत, वारं लागंल असं आडवं झोपवा. आन् सगळ्या अंगावर पानी घाला, लुगड्यासकट भिजवा, वारा घाला. थांबू नका.

पानी हुतं. टँकरनं भरलेले पिंप हुते. तांब्या हुता.

कुनी घातलं न्हाई.

का घातलं न्हाई, ते बाहेरच्याला कळनार न्हाई. डाक्टरीनबाईंना बी आज सकाळी सांगावं लागलं. आपल्यात मानसाला आडवं निजवून, अंगावरच्या कपड्यासकट, तांब्या-तांब्यानं पानी कवा घालत्यात? एकदाच. दारातनं उचलायच्या आधी. मंग बायांनी एकमेकींच्या तोंडाकडं बगितलं. सुमननं तांब्या भरला. तिच्या सासूनं हात धरला. म्हनली, "आगं, जितं मानूस हाय ते." तवर रामदास डेअरीवरनं पळत आला. सुमनच्या हातातला तांब्या बगितला आन् त्यानं तो काढून घेतला. म्हनला, "माजी आई मेली न्हाई अजून. पानी घालू नका."

रामदास. वर बग, बाळा. मी काय तुला बोल लावाया उभी न्हाई. मी तितं असते तर मीबी सुमनचा हात धरला असता. ह्या सतरंजीवर बसलेल्या एकानं तरी पानी घातलं असतं का, सांगा? आप्पा, तुमी घातलं असतं?

आप्पा मान हालवत्यात. न्हाई म्हनत्यात.

तर कुनाचं नाव घिऊ नका. मालकाच्या टेम्पोतनं नेली तिला. वाटंत गेली.

आन् त्याच सांजेला नगरला माजी नात झाली. एवढीशी, ओंजळीत मावंल एवढी. काचंच्या पेटीत ठिवली. मला वाडीवरनं फोन आला आन् मी त्या पेटीसमोर उभी हुते. हसू का रडू, तुमीच सांगा. वढ्याच्या एका कडंला दहावा आन् दुसऱ्या कडंला पाळना. परवा रेश्मासंगं लेकरू घरी आलं. तिला बगितलं की माजं मन असं फुलतं, मला लाज वाटती. लई गोड हाय. जांभई दिली की कान हालत्यात. हौसा बगती तर म्हनली असती, म्हातारीवर गेलीय, बोलायची तयारी करती.

पन मंडळी, मला भ्या वाटतंय. आनंदात असलेल्या म्हातारीला लई भ्या वाटतं.

डायवरभाऊ सांगत हुता, पूर्वी त्यांचे फोन कसले असायचे. बाळंतपन, साप, मोटारसायकल धडकली, कुनाच्या छातीत दुखलं. आता होळी सरायची खोटी, उनाचे फोन चालू. शेतातनं, भट्टीवरनं, बांधकामावरनं. ज्याला दम्याचा तरास हाय, त्याला बी ऊनच गाठतं. ज्याच्या छातीत दुखतं, त्याला बी. गरवार बाईला महिना आधी कळा, त्या बी उनानंच, डाक्टरीनबाई म्हनल्या. म्हंजी रेश्माला दवाखान्यात न्हेलं ते उनानं, आन् हौसाला न्हेलं ते बी उनानं. एकाच दिवशी, एकाच वाडीतनं, एकाच उनानं दोघींना गाडी मागायला लावली. आन् गाडी एक.

मागल्या भादव्यात काय झालं, इसरलात का? एका राती वर्साचा पाऊस पडला. वढा भरला. गाडी पल्याड दिवे लावून उभी आन् पेशंट अल्याड. उन्हाळ्यात गाडी मोकळी न्हाई, पावसाळ्यात गाडीला वाट न्हाई. गाडी तेवढीच, डायवर तेवढेच, आन् पडनारी मानसं वाढत चालली. मी राती लेकराच्या पाळन्यावर वल्लं फडकं टाकते आन् त्या पत्र्याकडं बगत पडते. ही पोरगी माज्या वयाची व्हईल तवा ऊन केवढं असंल? तवा तिच्यासाठी फोन केला तर पलीकडून काय म्हनतील? गाडी लांब हाय म्हनतील. मला एवढं शिक्षान न्हाई, पन हे कळतं.

म्हनून आज सकाळी मी डाक्टरीनबाईंना इचारलं, "बाई, गाडी लांब असली तर आमी मरायचं का?" असंच इचारलं, तोंडावर. त्या रागावल्या न्हाईत. म्हनल्या, "आजी, गाडी येईपर्यंतचा वेळ तुमच्या हातात असतो. तेवढ्या वेळात अंग गार केलं, तर माणूस वाचू शकतो. आम्ही गाडीत आलो तरी आधी तेच करतो." मंग मी त्यांना आपली रीत सांगितली. पानी का घातलं न्हाई ते सांगितलं. डायवरभाऊनं डोळ्याला रुमाल लावला. म्हनला, "आजी, आम्ही फोनवर रोज सांगतो, पाणी घाला. लोक हो म्हणतात. पोचतो तेव्हा माणूस गोधडीत."

तर त्यांनी कबूल केलंय. ते परत यायचेत, सगळ्यांना करून दाखवायला. कसं निजवायचं, कुठं पानी घालायचं, वारा कसा घालायचा, आन् बेसुद मानसाच्या तोंडात पानी का वतायचं न्हाई. सुमननं इचारलं, पन निजनार कोन? सगळ्या बाया खाली बगाया लागल्या. डाक्टरीनबाई म्हनल्या, आमच्याकडं शिकवायचा बाहुला हाय, तो आनू. मी म्हन्लं, बाई, बाहुल्याला पानी घालून आमचं भ्या जानार न्हाई. बाहुल्याला जितं काय आन् मेलेलं काय.

मी निजनार.

ह्याच वट्यावर, मधोमध. नेसल्या लुगड्यानिशी. माजा थोरला बगा, आत्ताच कपाळाला हात लावून बसलाय. लाव बाबा. मी निजनार आन् तुमी माज्या अंगावर पानी घालायचं, तांब्या-तांब्यानं, समद्यांनी. आन् मी गप पडनार न्हाई. मी सगळा येळ बोलत ऱ्हानार. पानी गार हाय म्हनंन, कुनाचा तांब्या चेमटलाय ते सांगंन, आप्पांच्या लग्नात काय झालं हुतं ते सांगंन. म्हंजी तुमच्या हातांना कळंल, ज्याच्यावर पानी पडतंय ते मानूस जितं हाय. एकदा हातांना कळलं की मंग रानात हात थांबनार न्हाईत.

आन् पयला तांब्या रामदास घालंल.

घालशील ना, बाळा? तुज्या आईच्या मैत्रिनीवर घालायचाय. जितेपनी. बोल काय तरी. न्हाई बोललास तरी चालंल. मान हालव.

हालवली. बगितलं सगळ्यांनी.

चला. ऊन दुसऱ्या पायरीवर आलंय. हौसासाठी आता घडीभर गप उभं ऱ्हायचंय. उनात कुनी उभं ऱ्हाऊ नका, भितीकडं सरका, म्हाताऱ्यांना सावली द्या. हौसा असं गप उभं ऱ्हायलेल्या मानसांना लई हसायची, पन आज हसंना का. हौसे, तुज्या पदराचा कांदा सुमननं तुज्या वाफ्याच्या कडंला लावलाय. मला गप बसता येत न्हाई, तुला ठावं हाय. तुज्यासाठी बसते.

…

बसा आता. च्या घिऊन जावा सगळ्यांनी. आप्पा, काठी जरा बाजूला घ्या, गाडीवाल्यांना वाट द्या, त्यांचा फोन वाजलाय. जा भाऊ, जा, सतरंजी आमी उचलतो. सोमवारी येतो म्हनलेत ते. सोमवारी, आपल्या बाजाराच्या दिवशी, सकाळी, ऊन व्हायच्या आत.